शिमगा : एका शब्दाची बदनामी

विधिमंडळात गदारोळ झाला, एखाद्या पक्षात उमेदवारीवरून हमरीतुमरी झाली, संमेलनाध्यक्षपदावरून वाद पेटला, की मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दोन शब्द हमखास अवतरतात : ‘तमाशा’ आणि ‘शिमगा’. पैकी तमाशाची कैफियत पुष्कळांनी मांडली आहे आणि ती मांडणे सोपेही आहे, कारण तमाशाला फड आहेत, शाहीर आहेत, अभ्यासक आहेत. शिमग्याचा वाली कोणी नाही. ‘राजकीय शिमगा’ हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की तो लिहिणाऱ्याला आपण काही विशेष म्हणत आहोत असे वाटतही नाही. शिमगा म्हणजे आरडाओरड, शिवीगाळ, बेशिस्त. म्हणजेच सभ्य माणसाने करू नये ते. गंमत अशी की हेच वृत्तपत्र त्याच आठवड्यात ‘होळीचे रंग’ नावाची रंगीत पुरवणी काढते. सण एकच, पौर्णिमा एकच; परंतु होळी पुरवणीत आणि शिमगा मथळ्यात, अशी वाटणी झालेली असते.

या वाटणीला माझा आक्षेप आहे. तो केवळ वृत्तपत्रांवर नाही. या शब्दाला खाली ढकलणारे जसे आहेत, तसे त्याला वर उचलून धुऊन पुसून देव्हाऱ्यात बसवू पाहणारेही आहेत; आणि माझ्या मते दुसरे पहिल्यांहून अधिक नुकसान करतात. ‘शिमगा हा ग्राम्य शब्द आहे, होलिकोत्सव म्हणावे’ असा उपदेश करणारी मंडळी दर फाल्गुनात भेटतात. त्यांची समजूत अशी की होलिकोत्सव हे मूळ, शुद्ध, संस्कृत नाव; आणि शिमगा हा त्याचा खेडवळांनी केलेला विपर्यास. ही समजूत भाषेच्या इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. संस्कृतातून सरळ साधता येत नाहीत, पण लोकांत आणि प्राकृत वाङ्मयात वापरले जातात, अशा शब्दांचा एक कोश त्यांनी रचला. ‘देशीनाममाला’ हे त्याचे नाव. पिशेल यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १८८० साली मुंबईत छापली गेली आणि मराठी व्युत्पत्तीचा विचार करणाऱ्यांना एक खाणच हाती लागली. या कोशात फाल्गुनातल्या उत्सवाला ‘सुगिम्हअ’ असे नाव दिलेले आहे. ‘गिम्ह’ म्हणजे ग्रीष्म. कोकणीत उन्हाळ्याला आजही ‘गीम’ म्हणतात. ‘सु’ म्हणजे चांगला, शुभ. सुगिम्हअ हे संस्कृतातल्या ‘सुग्रीष्मक’चे प्राकृत रूप. थंडी सरून ऊन चढू लागले, त्या उन्हाचे स्वागत करण्याचा हा सण.

सुगिम्हअपासून शिमग्यापर्यंतचा प्रवास फार लांबचा नाही. ‘सु’मधला उकार पुढच्या इकाराच्या ओढीने ‘सि’ झाला. मराठीत इकारापूर्वीच्या सकाराचा शकार होतो, हे तर नेहमीचेच. संस्कृत सिञ्च्, प्राकृत सिंप, मराठी शिंपणे. सीव् धातूपासून शिवणे. आणि सीमेची झाली शीव. मुंबईच्या ज्या स्थानकाला इंग्रजांनी ‘सायन’ करून टाकले, ते मूळचे शीव, म्हणजे मुंबई बेटाची हद्द. याच वाटेने सिगिम्हचे शिगिम, शिगम झाले. गोव्यात तो शब्द तिथेच थांबला. कोकणी पुल्लिंगी नामाला ओकार लागतो (आपला घोडा, त्यांचा घोडो), म्हणून तिथे ‘शिगमो’. घाटाच्या आणि उत्तर कोकणच्या बाजूला मात्र ‘ग’ आणि ‘म’ यांनी जागा बदलल्या आणि शिगम्याचा शिमगा झाला. जिभेची ही खोड मराठीला जुनीच आहे. चिकटणे आणि चिटकणे दोन्ही चालतात, आणि नुकसानीचे ‘नुसकान’ करणारे लोक आपल्या घराघरांत आहेत. म्हणजे गोमंतकीयांनी वर्णांचा मूळ क्रम सांभाळला आणि आपण तो उलटा केला, एवढाच काय तो ‘विपर्यास’. शिमगा हा शब्द होलिकोत्सवाचा अपभ्रंश नाही. त्याचा त्या शब्दाशी संबंधच नाही. तो स्वतंत्र कुळातला, निदान आठशे वर्षांपूर्वी कोशात नोंदला गेलेला आणि त्याहूनही पुष्कळ जुना असलेला शब्द आहे.

उलट ‘होळी’चेच मूळ शोधू गेले तर संस्कृताभिमान्यांची पंचाईत होते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील शबराच्या भाष्यात ‘होलाका’ हा पूर्वेकडच्या लोकांचा आचार म्हणून येतो, आणि एका प्रदेशाची चाल इतरांनाही लागू धरावी की नाही यावर तिथे खल होतो. म्हणजे मीमांसकांच्या लेखीही हा आधी लोकाचार होता. प्रल्हादाची आत्या होलिका वगैरे कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नावाचा अर्थ विस्मृतीत गेला की त्याला कथा चिकटते, हे दैवतकथांचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे.

इथवर वाचून शिमग्याचे शुद्धीकरणवादी खूश होतील अशी मला भीती वाटते. ‘पहा, सुग्रीष्मक! किती सुंदर! म्हणजे मूळ सण सात्त्विक होता, शिव्या आणि बोंबा मागाहून शिरल्या.’ हा निष्कर्ष काढू देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. व्युत्पत्ती शब्दाचे गोत्र सांगते. त्याच्यावर सोवळे चढवण्यासाठी ती नसते. शिमग्यात आरडाओरडा, थट्टा, चिखल आणि तोंडाळपणा कधी नव्हता, असा काळ कागदपत्रांत तरी दिसत नाही.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वज भाषेतला संग्रह. त्यात या उत्सवाला ‘फग्गुच्छण’ म्हटले आहे. फग्गु म्हणजे फाल्गुन आणि छण म्हणजे क्षण, उत्सव. याच छणाचा आपला ‘सण’ झाला. त्या गाथेत एका तरुणीच्या अंगावर कोणीतरी चिखल माखला आहे आणि तिची सखी तिला थट्टेने म्हणते की हा सणातला चिखल, याला दोष नाही. शिवाय घामाने तो आधीच धुतला गेला आहे, मग आता धुतेस कशाला? जोगळेकरांनी १९५६ साली सप्तशतीची मोठी मराठी आवृत्ती काढली, ती चाळणाऱ्याला असे खट्याळपण पानोपानी भेटेल. रंग नव्हे, गुलाल नव्हे, चिखल. आणि त्याबद्दल बोलणाऱ्या दोघीही स्त्रिया.

पुराण हवे असेल तर तेही आहे. भविष्योत्तर पुराणात ढुंढा राक्षसिणीची कथा येते, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ती दिली आहे. रघुराजाच्या राज्यात ही राक्षसीण मुलांना पीडा देते. शंकराच्या वरामुळे देव, माणसे, शस्त्रे, ऊन, पाऊस यांपैकी कशानेही ती मरत नाही. उपाय एकच. फाल्गुनी पौर्णिमेला लाकडे रचून पेटवावीत, लोकांनी टाळ्या पिटाव्यात, अग्नीला तीन प्रदक्षिणा घालाव्यात, हसावे, आपापल्या देशभाषेत गावे आणि ज्याला जे वाटेल ते त्याने निःशंकपणे बोलावे. कोणते शब्द उच्चारावेत हेही पुराणकार आडपडदा न ठेवता सांगतो. आजचे कुठलेही दैनिक ते छापणार नाही. थोडक्यात, शिमग्याची बोंब हा धर्माला लागलेला डाग नसून पुराणात सांगितलेला विधी आहे. ‘संस्कृतीचे रक्षण’ म्हणून बोंब बंद करू पाहणाऱ्यांनी निदान आपलीच पोथी एकदा उघडावी.

माझे लक्ष त्या विधीतल्या दोन अटींकडे जाते. बोलायचे ते देशभाषेत. आणि ज्याला जे वाटेल ते, निःशंक. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ज्याला निःशंक बोलता येत नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेली ही एक रात्र आहे. कोकणात होळीपुढे फाका घालतात, गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे हा शब्दच पाहा : एकाच शब्दात तक्रारही आहे आणि देवाला केलेली विनवणीही. गावच्या खोताचे, सावकाराचे नाव घेऊन बोंब मारण्याची मुभा इतर कोणत्या सणाने दिली होती?

इंग्रजीत मौजमजेसाठी ‘रेव्हल’ असा एक जुना शब्द आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिन ‘रेबेल्लारे’वरून. रेबेल्लारे म्हणजे बंड करणे. इंग्रजी ‘रेबेल’, बंडखोर, हा त्याचाच सख्खा भाऊ. एकाच मुळाची एक फांदी मेजवानीकडे वळली आणि दुसरी बंडाकडे. इंग्रजी बोलणारे ही सोयरीक विसरले असतील, पण त्यांनी ‘रेव्हल’ला शिवी केले नाही. आपल्याकडे उलटे घडले. सण आणि आरोळी हे दोन्ही अर्थ शिमग्यात एकत्र नांदत होते. आपण सण काढून होळीला दिला आणि आरोळी तेवढी शिमग्याच्या पदरात टाकली. हे शब्दाने आपण होऊन केले नाही, लिहिणाऱ्या वर्गाने केले.

(जाता जाता एक नोंद. मराठीतले आनंदाचे बहुतेक रोजचे शब्द परके आहेत. मजा फारसीतून आली, तिचा अर्थ चव. मौज अरबीतून, तिचा अर्थ लाट. तमाशाचे मूळही अरबीत, मिळून फिरायला जाणे असा त्याचा आरंभीचा भाव. मला त्याचे मुळीच वैषम्य नाही. चांगले शब्द कुठूनही यावेत. पण जो एक शब्द थेट प्राकृतातून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवरून घासत आपल्यापर्यंत आला, नेमका त्यालाच आपण हमरीतुमरीच्या कामाला जुंपावे, हे पाहून भाषाभिमानाच्या व्याख्यानांचे हसू येते.)

आता मुख्य आक्षेप. ‘तुम्ही बोंबेचे गोडवे गाता, पण या सणात बायकांना घराबाहेर पडणे मुश्कील होत असे, त्याचे काय?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून शिमग्यावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील समाजसुधारकांनी शिमग्यातल्या बीभत्सपणाविरुद्ध जे लिहिले, त्यात तथ्य होते. सावकाराच्या नावाने मारलेली बोंब आणि वाटेने जाणाऱ्या मुलीच्या अंगावर फेकलेला फुगा एकाच मुभेखाली खपत होते. गाथेतल्या सख्या आपखुशीने हसतात म्हणून प्रत्येक स्त्री हसत होती असे मानण्याचे कारण नाही.

पण सुधारणेचा बडगा पडला कुणावर, हे विचारायला हवे. भारतीय दंडविधानाच्या २९४व्या कलमाने सार्वजनिक ठिकाणचे अश्लील कृत्य आणि अश्लील गाणे एकाच ओळीत बसवले. १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचे २९६वे कलम तेच करते. होळीच्या आठवड्यात मुंबई पोलिसांचा जो मनाई आदेश निघतो, त्यातही (२०२५ सालचा घ्या) अश्लील शब्द उच्चारणे, अश्लील गाणी गाणे आणि पाण्याचे फुगे फेकणे शेजारी शेजारी असते. हात आणि तोंड यांत फरक करण्याची गरज कायद्याला वाटली नाही. परिणाम काय झाला? बोंब गेली. चावडीसमोरचे, मालकाच्या दारासमोरचे कवित्व गेले. फुगे गेले नाहीत, आणि भर गर्दीत रंगाच्या निमित्ताने बायकांच्या अंगाला लागणारे हातही गेले नाहीत; ‘बुरा न मानो’ म्हणून ते आणखी निर्ढावले. ज्याने बलवानांना झोंबायचे ते बंद पडले आणि ज्याने दुबळ्यांना त्रास व्हायचा ते टिकून राहिले, अशी सुधारणा मला अर्धवट वाटते. पुराणात ज्याला जे वाटेल ते ‘बोलावे’ असे आहे; ज्याला जे वाटेल ते ‘करावे’ असे नाही. ठाणे-पालघरच्या वारली, कातकरी, ठाकर पाड्यांवर होळीभोवती स्त्री-पुरुष मिळून नाचतात; तिथला सण पाहिलेल्याला मुक्तपणा आणि छेडछाड यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि उन्हाळ्याच्या स्वागताचा तो मूळ अर्थ? तो कुठे उरला आहे? याचे उत्तर मी लांब न जाता भिवंडी तालुक्यातल्या वडपे परिसरातून देतो, कारण तिथे त्या अर्थाचे काय झाले ते उघड्यावर दिसते. हा सगळा मुलूख भातशेतीचा, आगरी आणि आदिवासी वस्तीचा. इथल्या आगरी बोलीत होळीची ‘हावली’ होते. भात घरात आलेले, त्याच शेतातल्या ओलीवर घेतलेले वाल निघालेले, आणि पुढच्या पेरणीसाठी राब भाजायचे दिवस सुरू होत असलेले : शिमगा यायचा तो नेमका या सांध्यावर. पालापाचोळा, शेण, गवत पसरून रोपाची जागा भाजायची, म्हणजे तण मरते आणि मातीला राख मिळते. शेतात एक आग आणि गावाच्या वेशीवर दुसरी. जुनी माणसे महिन्यालाच शिमगा म्हणायची. ‘शिमग्याला देतो’, ‘शिमग्याच्या आत उरकू’, ‘शिमग्यानंतर लग्न’ अशी बोलणी व्हायची, तेव्हा त्यांत शिवीगाळीचा लवलेश नसे. तो पंचांगाचा शब्द होता, श्रमाच्या पंचांगाचा. चांगला ग्रीष्म म्हणजे काय, हे ज्याला उन्हातच राबायचे आहे त्यालाच कळते.

आज मुंबई-नाशिक महामार्गाने जाणाऱ्याला वडपे ठाऊक असते ते वाहतूककोंडीसाठी, फाट्यासाठी आणि माजिवडा-वडपे रस्त्याच्या आठपदरीकरणाच्या बातम्यांसाठी. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग जवळच्या आमण्यापर्यंत येऊन पोचला. भाताची खाचरे भरून त्यांवर गोदामे उभी राहिली. कोणत्या कंपनीचा माल कुठल्या शेडमध्ये, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असते. गोदामाला ऋतू नसतो. तिथे पाळी असते, आठ तासांची नाही तर बारा तासांची. जिथे पाळी आहे तिथे शिमगा कोणत्या सांध्यावर यावा? तो एक सुट्टीचा दिवस होतो, आणि कंत्राटी कामगाराला तीही मिळेलच असे नाही. मुंबईच्या आसपासच्या रिसॉर्टांत याच दिवशी तिकीट लावून ‘रेन डान्स’ होतो. त्याच्या भिंती हादरवणाऱ्या आवाजाला कोणी शिमगा म्हणत नाही. त्याला ‘इव्हेंट’ म्हणतात. आवाजाची तीव्रता तीच, किंबहुना कैक पटींनी अधिक. पण पैसे भरून केलेला गोंगाट हा उत्सव आणि पैसे न भरता मारलेली आरोळी हा शिमगा, असा हिशेब आहे. मथळे लिहिणाऱ्यांच्या कानांना नेमके काय खुपते, ते यावरून समजावे.

काही जण म्हणतील की शब्दांचे अर्थ बदलतातच, त्याला काय इलाज? बदलतात, कबूल. ‘साहस’ या शब्दाचा अर्थ जुन्या स्मृतिग्रंथांत दरोडा, बलात्कार असा गुन्हा होता. आज तो गुण आहे. पण साहसाला कोणी त्याच्या घरातून हाकलले नाही. शिमग्याच्या बाबतीत शब्द जिवंत आहे, सण जिवंत आहे, तो शब्द सणासाठी वापरणारे लाखो लोक रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून ठाणे-पालघरपर्यंत जिवंत आहेत. पालख्या नाचतात, संकासूर नाचतो, मुंबईतले चाकरमानी रजा काढून, एसटीच्या रांगेत तिष्ठून ‘शिमग्याला’ गावी जातात. होलिकोत्सवाला जात नाहीत. असे असताना त्यांच्या सणाचे नाव भांडणाला द्यायचे, म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांची संस्कृती म्हणजे भांडण असे सांगणे आहे. ‘राजकीय दिवाळी’ म्हटले की आपल्याला सुबत्ता आठवते, ‘राजकीय शिमगा’ म्हटले की गलिच्छपणा. दोन्ही सणच. फरक एवढाच की दिवाळीचा फराळ लेखणी धरणाऱ्यांच्या घरात होत होता आणि शिमग्याची बोंब त्यांच्या दाराबाहेर.

कोशांची यात काही जबाबदारी आहे. ‘बोंबाबोंब, शिवीगाळ’ हा लाक्षणिक अर्थ नोंदवावा, त्याला हरकत नाही. वापरात आहे तो कोशात यायलाच हवा. पण त्याआधी सुगिम्हअ आणि शिगमो यांचा उल्लेख असावा, फाल्गुन महिना हा अर्थ असावा, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकात सणांची यादी येते तिथे कंसातही न टाकता शिमगा हे नाव असावे.

मथळेवाल्यांची आवडती म्हण आहे, ‘शिमगा गेला, कवित्व उरले.’ भांडण मिटले तरी दोषारोप चालूच आहेत, अशा अर्थाने ते ती फेकतात. त्यांनी त्या म्हणीतला दुसरा शब्द नीट वाचलेला दिसत नाही. होळीपुढे रात्रभर जे बोलले गेले, ज्याला ते शिवीगाळ म्हणतात, त्याला ही म्हण घडवणारे लोक कवित्व म्हणत होते.